प्रागची ज्यू वस्ती आणि तिच्यापलीकडची गावे

पानगळ :

युरोपच्या सहलीत प्राग असले की योसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती कार्यक्रमात असतेच, आणि तिच्या वाट्याला साधारण अर्धा दिवस येतो. एका तिकिटात तीन-चार सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे), दफनभूमीतून एक फेरी, लेखक काफ्काच्या पुतळ्यापाशी फोटो आणि मग चार्ल्स पूल गाठायचा, असा शिरस्ता पडून गेला आहे. मी गेली काही वर्षे चेक प्रजासत्ताकात राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना या भागातून हिंडवून आणण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. त्यावरून माझे असे मत झाले आहे की योसेफोव्ह नुसते योसेफोव्हमध्ये पाहून कळत नाही. तिथल्या काचेच्या कपाटांत जे मांडलेले आहे, त्यातले बरेचसे मुळात प्रागचे नाहीच. ते बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांतल्या गावोगावच्या सिनेगॉगांमधून आलेले आहे. त्यांपैकी एखादे तरी गाव पाहावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

आधी वस्तीविषयी. आजचे योसेफोव्ह पाहून मध्ययुगीन घेट्टो, म्हणजे ज्यूंना सक्तीने राहावे लागे ती वेगळी वस्ती, कसा असेल याचा अंदाज येत नाही, कारण तो शिल्लकच नाही. १८९३ साली आरोग्याचे कारण देऊन कायदा करण्यात आला आणि पुढच्या दोनेक दशकांत दाटीवाटीची घरे, बोळ, काही सिनेगॉगसुद्धा पाडून तिथे रुंद रस्ते आणि पाच-पाच मजली दिमाखदार इमारती उभ्या राहिल्या. सुस्थितीतली ज्यू कुटुंबे तोवर शहराच्या इतर भागांत गेलेली होती आणि मागे उरलेल्या गरिबांना कोणी विचारले नाही. वाचले ते एवढेच: सहा सिनेगॉग, ज्यू नगरभवन आणि दफनभूमी. आज उंची दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला पार्झिश्का रस्ता या पाडापाडीवरच बांधलेला आहे, हे तिथे खरेदी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

वस्तीच्या नावामागेही एक गोष्ट आहे. १७४४ च्या डिसेंबरात सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने प्रागमधल्या झाडून सगळ्या ज्यूंना शहराबाहेर काढण्याचा हुकूम सोडला. १७४८ मध्ये त्यांना परत येऊ दिले गेले, पण त्यासाठी जबर कर भरावा लागला. तिचाच मुलगा दुसरा योसेफ याने १७८१ पासून सहिष्णुतेची फर्माने काढून अनेक बंधने सैल केली, म्हणून पुढे १८५० मध्ये वस्तीला त्याचे नाव दिले गेले. याच योसेफने १७८० साली प्रागच्या उत्तरेला एक किल्लेवजा गाव बांधायला घेतले आणि त्याला आईचे नाव दिले: तेरेझिन. त्या गावाकडे पुढे वळतेच.

जुने-नवे सिनेगॉग साधारण १२७० च्या सुमाराचे आहे आणि आजही तिथे नित्य प्रार्थना होते. चालू सिनेगॉगांमध्ये ते युरोपातले सर्वांत जुने. आत जाताना काही पायऱ्या खाली उतराव्या लागतात. दोन अष्टकोनी खांब, त्यांच्यामध्ये पंधराव्या शतकातल्या लोखंडी जाळीने वेढलेला पोथीवाचनाचा चौथरा, आणि वर पाच-पाच फासळ्यांचे घुमटाकार छत. चार फासळ्यांनी क्रूसाचा आकार होतो म्हणून पाचवी घातली, असे सांगणारे वाटाडे पुष्कळ भेटतात, पण ते मनोरंजनापुरतेच ऐकावे. मला स्वतःला तिथे सर्वांत बोलके वाटतात ते बाजूच्या जाड भिंतीतले अरुंद झरोके. स्त्रियांनी पलीकडच्या दालनात बसायचे आणि त्या फटीतून येईल तेवढी प्रार्थना ऐकायची. झरोक्याला डोळा लावून पाहिले तर सभागृहाची जेमतेम एक उभी पट्टी दिसते. पोथी वाचणारा दिसेल की नाही हे आपण कुठल्या झरोक्यापाशी बसलो आहोत त्यावर ठरते.

या सिनेगॉगच्या माळ्यावर ठेवलेल्या गोलेमची, म्हणजे रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव यांनी मातीतून घडवलेल्या पुतळ्याची दंतकथा सर्वांना माहीत असते, म्हणून तिच्यात शिरत नाही. रब्बी लोव मात्र खरे होते. १६०९ मध्ये ते वारले आणि जुन्या दफनभूमीतल्या त्यांच्या समाधीवर लोक अजूनही खडे आणि चिठ्ठ्या ठेवतात. या दफनभूमीतला सर्वांत जुना दगड १४३९ चा, कवी आणि रब्बी अविग्दोर कारा यांचा आहे. १३८९ च्या ईस्टरच्या वेळी झालेल्या कत्तलीतून ते वाचले होते आणि तिच्यावर त्यांनी शोकगीत लिहिले. १७८७ मध्ये शहरात पुरण्यावर बंदी आली तोवर इथे दफन होत राहिले. जागा वाढवून मिळत नव्हती आणि धर्माप्रमाणे थडगे उकरता येत नाही, त्यामुळे माती आणून थरावर थर चढवले गेले. काही ठिकाणी असे बारा थर असल्याचे सांगतात. खालचे दगड दर वेळी वर आणून बसवले, म्हणून आज सुमारे १२,००० दगड एकमेकांना रेटत उभे आहेत. दगडांवरची चिन्हे ओळखता आली तर तास कसा जातो ते कळत नाही: आशीर्वाद देणारे दोन पंजे म्हणजे कोहेन हे पुरोहितांचे घराणे, पाण्याची सुरई म्हणजे त्यांचे साहाय्यक लेवी, कात्री म्हणजे शिंपी. टायको ब्राहे आणि केप्लर यांच्या सहवासात आलेले खगोलवेत्ते दावीद गान्स यांच्या दगडावर हंसजातीचा पक्षी कोरला आहे, कारण गान्स या आडनावाचा अर्थच तो.

पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. बोश्तिक आणि योन या दोन चित्रकारांनी हे काम १९५४ ते १९५९ या काळात केले. गावाचे नाव, मग आडनाव, मग त्या घरातली एकेक व्यक्ती, तिची जन्मतारीख आणि ती जिवंत असल्याची शेवटची ठाऊक तारीख, असा क्रम लाल आणि काळ्या अक्षरांत छतापर्यंत जातो. १९६८ मध्ये भिंतीत पाणी मुरल्याचे निमित्त होऊन ही वास्तू बंद झाली आणि कम्युनिस्ट राजवट जाईपर्यंत बंदच राहिली. दरम्यान नावे खराब झाली आणि १९९० नंतर ती पुन्हा लिहावी लागली.

या भिंतीवर मी पाहुण्यांना प्रागची नावे आधी दाखवत नाही, त्र्शेबीच, मिकुलोव्ह, कोलीन अशी गावे शोधायला लावते. कारण प्रागच्या ज्यू संग्रहालयाची गोष्ट तिथून सुरू होते. १९०६ मध्ये हे संग्रहालय निघाले ते पाडापाडीत गेलेल्या सिनेगॉगांतल्या वस्तू सांभाळण्यासाठी. १९४२ मध्ये, गावेच्या गावे रिकामी होत असताना, प्रागच्या ज्यू समाजातल्या जाणत्यांनी नाझी अधिकाऱ्यांना अशी योजना मांडली की रिकाम्या झालेल्या सिनेगॉगांतल्या वस्तू एका ठिकाणी आणून त्यांची नोंद करावी. त्याप्रमाणे १५३ गावांच्या ज्यू समाजांतून तोरापोथ्या (तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या), त्यांची रेशमी वेष्टणे, चांदीचे मुकुट, दिवे, पुस्तके प्रागला आली. तज्ज्ञांनी प्रत्येक वस्तूचे कार्ड लिहिले. ती कार्डे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे तेरेझिन आणि तिथून आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले.

तेरेझिन प्रागपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे आणि होलेशोवित्से स्थानकाहून बसने तासाभरात पोहोचता येते. २४ नोव्हेंबर १९४१ पासून त्या गावाचा घेट्टो झाला. एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे तिथे आणली गेली, त्यांतली ३३,००० च्या वर तिथेच उपासमारीने आणि रोगांनी गेली आणि सुमारे ८७,००० पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवली गेली. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पथक आले तेव्हा रस्ते रंगवून, दुकाने थाटून आणि मुलांकडून ‘ब्रुन्दिबार’ हा संगीत खेळ सादर करून घेऊन त्या पथकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात आली. या गावात दोन ठिकाणे चुकवू नयेत. एक म्हणजे माग्देबुर्ग बराकीतले वसतिगृह जसेच्या तसे मांडलेले दालन. दुसरे म्हणजे एका घराच्या आवारातली छोटी प्रार्थनेची खोली, जिच्या छतावर हिब्रू ओळी आणि तारे रंगवलेले आहेत; खोलीत जेमतेम मूठभर माणसे मावतील, आणि ओल आलेल्या भिंतीवरची ती अक्षरे वाचायला मान वर करून उभे राहावे लागते.

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने तेरेझिनमध्ये मुलांना चित्रकला शिकवली. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झमध्ये मारण्यात आले, पण मुलांची जवळपास ४,५०० चित्रे मागे राहिली आणि ती प्रागच्या संग्रहालयाकडे आहेत. त्यांतली काही पिंकासच्या वरच्या मजल्यावर लावलेली असतात. खालची नावे वाचून थकलेले लोक तो मजला टाळतात, टाळू नये.

आता त्र्शेबीच आणि मिकुलोव्ह. त्यांविषयी प्रतिसादांत सविस्तर लिहीन, कारण हा लेख आधीच लांबला आहे.

त्रिज्या :

पानगळताई, माहितीपूर्ण लेख. प्रागला आमच्या वाटाड्याने ठामपणे सांगितले होते की हिटलरला तिथे ‘नामशेष वंशाचे संग्रहालय’ उभारायचे होते आणि म्हणून योसेफोव्ह पाडले गेले नाही. आपण मात्र लिहिता की योजना ज्यू समाजाकडून आली. यातले खरे काय मानावे?

पानगळ :

त्रिज्या, हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी इच्छा होतीच. हिटलरने तसा आदेश दिल्याचा कागद आजवर कोणाला सापडलेला नाही आणि तो शब्दप्रयोग युद्धानंतरच रूढ झाला, असे अभ्यासकांचे मत आहे. जे कागद उपलब्ध आहेत त्यांतून दिसते ते असे की प्रस्ताव ज्यू समाजाच्या कार्यालयातून गेला आणि प्रागमधल्या एसएस या नाझी दलाच्या कार्यालयाने तो आपल्या सोयीने मान्य केला. दोन्ही बाजूंचे हेतू अगदी उलटे होते. नाझींना लुटीची नोंद आणि प्रचाराचे साधन हवे होते, आणि कार्डे लिहिणाऱ्यांना वस्तू वाचवायच्या होत्या, कारण माणसे परत येतील अशी आशा तेव्हा पूर्ण सुटलेली नव्हती. वाटाड्यांच्या गोष्टीत सगळे श्रेय मारणाऱ्याच्या लहरीला मिळते आणि वाचवणारी माणसे गायब होतात, म्हणून मला ती खटकते.

रेवदंडा :

उत्तम धागा. माझे बालपण अलिबागला इस्रायल आळीच्या जवळ गेले, त्यामुळे सिनेगॉग ही गोष्ट मला परकी वाटली नाही. शनिवारी संग्रहालय बंद असते हे वाचून प्रागला जाणारे अनेक जण वैतागलेले पाहिले आहेत. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार; कोकणात बेने इस्रायल, म्हणजे तिथले ज्यू लोक, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असे नावच पडले होते. त्या भागातल्या माणसाला तरी हा नियम नव्याने सांगावा लागू नये. फरक एवढाच की आमच्याकडची आळी रिकामी झाली ती माणसे आपल्या इच्छेने इस्रायलला गेल्यामुळे, कोणी हाकलल्यामुळे नव्हे.

मला एक विचारायचे आहे. गावोगावच्या ज्या तोरापोथ्या प्रागला आणल्या, त्यांचे पुढे काय झाले? आमच्या शेजारच्या काकांकडून ऐकले होते की पोथी वाचण्याजोगी राहिली नाही तर तिचे रीतसर दफन करतात.

पानगळ :

रेवदंडा, काकांनी सांगितले ते बरोबरच आहे. इथल्या पोथ्यांचे मात्र वेगळेच झाले. युद्धानंतर त्यांना वाचणारी गावेच उरली नव्हती, त्यामुळे त्या प्रागच्या मिख्ले भागातल्या एका वापरात नसलेल्या सिनेगॉगमध्ये ओलीत पडून राहिल्या. सरकारला परकीय चलन हवे होते, म्हणून १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांपैकी १,५६४ पोथ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगकडे गेल्या. तिथे लेखनिकाने वर्षानुवर्षे बसून त्या दुरुस्त केल्या आणि त्या जगभरच्या ज्यू समाजांना कायमच्या उसन्या म्हणून देण्यात आल्या. प्रत्येक पोथी कोणत्या गावची हे शक्य तेवढे नोंदलेले आहे. प्रागचे संग्रहालय १९५० पासून सरकारच्या ताब्यात होते, ते १९९४ मध्ये संस्था म्हणून स्वतंत्र झाले आणि संग्रह ज्यू समाजाला परत मिळाला.

मध्यलय :

या विषयाचा मुंबईशी एक धागा आहे, तो इथे नोंदवतो. आकाशवाणीची सकाळची ओळखीची धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन हे कार्लोव्ही व्हारी इथले ज्यू संगीतकार. त्यांचे शिक्षण बर्लिन आणि प्राग इथे झाले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला, पण मार्गदर्शक नाझी असल्याचे कळल्यावर पदवी नाकारली. १९३४ मध्ये ते मुंबईला आले, इथे चेंबर म्युझिक सोसायटी काढली आणि पुढे आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला. शिवरंजनीच्या छायेतली ती धून मेहली मेहता यांनी व्हायोलिनवर वाजवली, असे मानतात.

कॉफमन यांची पहिली पत्नी गेर्टी ही काफ्काची भाची, त्याची बहीण एली हिची मुलगी. गेर्टी मुंबईत होती. तिकडे एली आणि दुसरी बहीण वाली यांना १९४१ मध्ये लोड्झच्या घेट्टोत पाठवण्यात आले आणि त्या परत आल्या नाहीत. धाकटी ओट्ला तेरेझिनमध्ये होती आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पोलंडमधून आणलेल्या मुलांच्या सोबतीला म्हणून स्वतःहून आउशवित्झच्या गाडीत चढली. प्रागच्या नव्या ज्यू दफनभूमीत काफ्काच्या समाधीच्या पायथ्याशी या तिघी बहिणींच्या नावाची पाटी आहे. मेट्रोच्या झेलिव्हस्केहो स्थानकावरून अगदी दोन मिनिटांवर. शनिवारी तीही बंद असते.

जुनापुराणा :

लेख चांगला आहे, पण दोन गोष्टींवर मतभेद नोंदवतो.

पहिली म्हणजे, योसेफोव्हची गर्दी आणि तिकिटाची किंमत पाहता मी तर लोकांना आधी झिझ्कोव्हला जायला सांगेन. तिथली ज्यू दफनभूमी १६८० च्या प्लेगच्या वेळी सुरू झाली. कम्युनिस्टांच्या काळात तिचा मोठा भाग बुजवून बाग केली गेली आणि १९८५ पासून तिथेच दूरदर्शनचा मनोरा उभारला, तो आता शहराच्या सगळ्या चित्रांत दिसतो. २०२० मध्ये वेन्सस्लास चौकाच्या टोकाशी पादचारी मार्ग उकरताना फरसबंदीचे चौकोनी दगड उलटे केले, तर त्यांच्या खालच्या गुळगुळीत बाजूवर हिब्रू अक्षरे आणि एकोणिसाव्या शतकातल्या तारखा निघाल्या. ज्यू दफनभूमींतले दगड कापून ते वापरले होते. लोक त्यावरून वर्षानुवर्षे चालत होते. त्या दगडांपासून झिझ्कोव्हच्या दफनभूमीत आता स्मारक केले आहे. तिथे सहसा चार माणसेही नसतात.

दुसरी गोष्ट त्र्शेबीचची. जिथे एकही ज्यू कुटुंब राहिलेले नाही अशी सजवलेली ज्यू वस्ती पाहायला जाण्यात मला थोडा कृत्रिमपणा वाटतो. कॅफे, पाट्या, रंगवलेल्या भिंती. त्यापेक्षा प्रागचा लहान का होईना पण जिवंत समाज बरा.

पानगळ :

जुनापुराणा, झिझ्कोव्हबद्दल पूर्ण सहमत आहे आणि ते मूळ लेखात यायला हवे होते. त्र्शेबीचबद्दल मात्र थोडे सांगते.

तिथे यिह्लावा नदीच्या काठाने डोंगराच्या पायथ्याशी सव्वाशेच्या आसपास घरे आहेत आणि युनेस्कोने २००३ मध्ये ती वस्ती, वरची दफनभूमी आणि शेजारची सेंट प्रोकोपियस बॅसिलिका यांना मिळून जागतिक वारसा म्हटले. पूर्वीच्या सरकारी योजनेत ही सगळी वस्ती पाडून तिथे नव्या इमारती बांधायच्या होत्या. पैसे नव्हते म्हणून ती वाचली. म्हणजे प्रागला जे १८९३ नंतर पाडले गेले ते कसे असेल, हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ही जागा आहे. एकाच घराचे मजले आणि खोल्या वेगवेगळ्या मालकांच्या, एका घरातून दुसऱ्यात जाणारे बोळ, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. तिथल्या दोन सिनेगॉगांपैकी ‘मागचे’ म्हणतात त्याच्या भिंतींवर हिब्रू प्रार्थना रंगवलेल्या आहेत. मधल्या काळात तिथे गोदाम होते, तरी चुन्याच्या थरांखाली त्या राहिल्या. भिंतीवर प्रार्थना लिहिण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते: पोथ्या महाग होत्या आणि सगळ्यांच्या हातात नसायच्या.

कॅफे आणि पाट्या आहेत हे खरे. पण प्रागच्या कपाटातले एखादे चांदीचे भांडे ‘मोराव्हियातून’ अशा दोन शब्दांच्या चिठ्ठीने समजत नाही. ते ज्या भिंतीसमोर वापरले जात होते तशी एक भिंत पाहिली की समजते. समाज नाही, हे मी पाहुण्यांपासून लपवत नाही. युद्धानंतर त्या गावात परतले ते मूठभर. दुसरे, ‘पुढचे’ सिनेगॉग आता हुसाइट या चेक ख्रिस्ती पंथाचे चर्च आहे, आणि ते चर्च झाले म्हणून टिकले.

मिकुलोव्ह त्याहून शांत आहे. मोराव्हियाच्या मुख्य रब्बींचे पीठ तिथे होते आणि गोलेमवाले रब्बी लोव प्रागला येण्याआधी १५५३ ते १५७३ अशी वीस वर्षे तिथेच होते. ही गोष्ट प्रागचे वाटाडे सांगत नाहीत. वरचे सिनेगॉग चार खांबांच्या पोलिश धाटणीचे आहे, तसे चेक प्रदेशात दुसरे उरलेले नाही. टेकडीवरच्या दफनभूमीत सुमारे ४,००० दगड आहेत आणि प्रागसारखी दोरी बांधून ठरवलेली वाट नाही.

त्रिज्या :

उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन येत आहे. दोघांचेही गुडघे कुरकुरतात आणि आमच्याकडे गाडी नसेल. तेरेझिन आणि योसेफोव्ह एकाच दिवशी करावे का? आणि प्रागबाहेरचे एकच ठिकाण निवडायचे तर कोणते?

पानगळ :

एकाच दिवशी मुळीच नको. पिंकासनंतर तेरेझिन म्हणजे मन घेतच नाही. तेरेझिनला लहान किल्ला (तिथला तुरुंग) आणि घेट्टो संग्रहालय यांच्यात बरेच चालावे लागते, म्हणून आई-बाबांना घेट्टो संग्रहालय आणि माग्देबुर्ग बराक एवढेच दाखवा. घेट्टो संग्रहालय १९९१ मध्येच उघडले. त्याआधी तिथे फक्त किल्ल्यातल्या राजकीय कैद्यांची कहाणी सांगितली जात असे.

प्रागमध्ये जुनी दफनभूमी खडबडीत आहे, पण वाट सपाट आहे. जुने-नवे सिनेगॉग सकाळी उघडताच करावे आणि शुक्रवारी ते लवकर बंद होते हे लक्षात ठेवावे. बाबांना टोपी लागेल. योसेफोव्हपासून थोडे दूर, मुख्य रेल्वे स्थानकाजवळ येरुझालेम्स्का रस्त्यावर १९०६ चे ज्युबिली सिनेगॉग आहे. पाडलेल्या सिनेगॉगांच्या बदल्यात ते बांधले गेले. निळ्या-लाल नक्षीचे दर्शनी तोंड पाहायला तिकीट लागत नाही.

बाहेरचे एकच म्हणाल तर तुमच्यासाठी प्ल्झेन्य. प्रागहून थेट रेल्वे आहे आणि दीड तासाच्या आसपास लागतो. १८९३ चे तिथले मोठे सिनेगॉग बुडापेस्टखालोखाल युरोपातले सर्वांत मोठे मानले जाते आणि २०२२ मध्ये दुरुस्ती संपवून पुन्हा उघडले आहे. त्र्शेबीचला चढ आहे आणि ब्रनोमार्गे गाडी बदलून जावे लागते, तो बेत गुडघे बरे असतानाचा.

रेवदंडा :

‘दहा तारे’ नावाच्या प्रकल्पात अशी दहा गावांतली सिनेगॉग दुरुस्त केल्याचे वाचले होते. प्ल्झेन्य त्यातलेच का?

पानगळ :

हो, त्यातलेच. प्ल्झेन्यमध्ये त्या प्रकल्पात मोठ्या नव्हे तर जुन्या सिनेगॉगची दुरुस्ती झाली होती, आणि मिकुलोव्हचे वरचे सिनेगॉगही त्याच यादीत आहे. २०१४ पासून ही दहा ठिकाणे खुली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एकेक विषय मांडला आहे, कुठे शिक्षण, कुठे उद्योग, कुठे लेखक. ऊश्तेकचे सिनेगॉग तेरेझिनच्याच बाजूला, लितोमेर्झित्सेच्या पुढे आहे. उन्हाळ्याबाहेर त्याचे दार कधी उघडे असते हे आधी फोन करून विचारून मगच जावे.